वायद्याची कुळकथा

१ जुलै १८६५. वायद्याच्या असंख्य सौद्यांचे पैसे त्या दिवशी मुंबईत एकदम चुकते व्हायचे होते, आणि फारच थोड्यांकडे ते होते.

त्या दिवसाची मुळं काळ्या रानात सापडतात. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं कोंडली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापूस मिळेल त्या भावाने उचलू लागल्या. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसावर मुंबईत पैसा लोटला. त्यावर बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. ५,००० रुपये भरलेला, समुद्र बुजवणाऱ्या बॅक बे कंपनीचा शेअर ५०,००० पर्यंत चढला. पुष्कळांनी रोख मोजलीच नव्हती. भाव आज ठरवायचा, पैसे ठरल्या तारखेला द्यायचे. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, कापूस कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० वर गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांना विकावा लागला.

वायदे त्याआधीही होत, पण सबंध शहर त्यांनी बुडवलं ते तेव्हा. माझ्या मते आजच्या अचानक पडझडीचीही उकल तिथेच आहे. उसन्या बळावर घेतलेला माल भाव थोडा उतरला तरी विकावा लागतो. त्या विक्रीने भाव आणखी उतरतो, मग पुढच्याचं मार्जिन, म्हणजे तारण म्हणून भरलेली रक्कम, अपुरं पडतं. बातमी फक्त पहिला धक्का देते.

१८७५ मध्ये मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संघटना बांधली. पुढे ‘बदला’ रुळला: वळणाला, म्हणजे हिशेब चुकता करायच्या दिवशी, पैसे नसले तर व्याज भरून सौदा पुढच्या वळणावर न्यायचा. २ जुलै २००१ ला तो बंद झाला, आणि त्याच दिवशी निर्देशांक १०, १५, २० टक्के हलला की व्यवहार थांबवणारं सर्किट लागू झालं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडला, तेव्हा बाजार ४५ मिनिटं थांबवावा लागला. घाबरलेल्या माणसाला विचार करायला तेवढा वेळ मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

कापसाच्या त्याच वऱ्हाडात, साखरखेर्ड्याच्या शिवारात, आता सोयाबीन मोठं पीक आहे. २० डिसेंबर २०२१ ला बाजाराची नियामक संस्था सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि नंतर मुदत वाढवत नेली. पेरणीच्या वेळीच काढणीनंतरच्या भावाचा अंदाज देणारा आकडा त्यामुळे गेला. भावही टिकला नाही: २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांत सोयाबीन त्याच्या खाली विकलं गेलं.