पांढऱ्या सायकली कुणी नेल्या?

फुकट वाटलेल्या सायकली टिकत नाहीत, याचा दाखला म्हणून ॲमस्टरडॅमचे नाव जगभर घेतले जाते. १९६५ च्या उन्हाळ्यात काही तरुणांनी ५० सायकली पांढऱ्या रंगवून कुलूप न लावता रस्त्यावर सोडल्या. महिन्याभरात बहुतेक चोरीला गेल्या, उरलेल्या कालव्यांत सापडल्या, अशी ती गोष्ट. फुकटाला किंमत नसते असे मानणाऱ्या माणसाला ती लगेच पटते, आणि म्हणूनच ती तपासून घ्यायला हवी. त्या उन्हाळ्याचे कागद शिल्लक आहेत. त्यांतून दिसणारा घटनाक्रम वेगळा आहे.

यातला पहिला कागद म्हणजे ‘प्रोव्होकात्सी’ या मालिकेतले पाचवे पत्रक. प्रोव्हो हा गट त्याच वर्षी मे महिन्यात रूल फान डाउन, रॉब स्टोल्क आणि त्यांच्या सोबत्यांनी उभा केला होता. सायकलींची कल्पना मात्र लूड स्खिमेलपेनिंक या तिशीतल्या डिझायनरची. पत्रकाची भाषा तापलेली आहे. मोटारगाडी ही नवी देवता झाली असून तिला रोज माणसांचा बळी दिला जातो, तिच्या धुरालाच धूप मानले जाते, असा त्याचा रोख. त्यावर उतारा म्हणून पांढरी सायकल: तिला कधीच कुलूप नसेल, ज्याला गरज असेल त्याने घ्यावी, काम झाले की दुसऱ्यासाठी ठेवून द्यावी. २८ जुलै, बुधवार, ही तारीख ठरली. जागा स्पाउ चौकातल्या ‘लीव्हर्ट्या’ या रस्त्यावरच्या पोराच्या पुतळ्यापाशी. हा पुतळा शहराला एका सिगारेट कंपनीने भेट दिलेला, म्हणून उपभोगाविरुद्धचे प्रोव्होंचे मेळावे तिथेच भरत.

पत्रक वाचून हा पोरांचा खेळ वाटू शकतो. योजनेच्या तपशिलात शिरले की तो समज टिकत नाही. शहराचा मध्यभाग मोटारींना आणि मोटारसायकलींना बंद करावा. टॅक्सी चालू द्याव्यात, पण त्या विजेवर चालणाऱ्या आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत. रस्ते मोकळे झाल्याने सार्वजनिक वाहनांच्या फेऱ्या ४० टक्क्यांहून अधिक वाढतील आणि वर्षाला २० लाख गिल्डर वाचतील, असा हिशेब त्यात आहे. पालिकेने दरवर्षी २०,००० पांढऱ्या सायकली विकत घ्याव्यात आणि त्या सगळ्यांच्या मालकीच्या असाव्यात, ही मुख्य मागणी. म्हणजे रस्त्यावर सोडलेल्या सायकली ही योजना नव्हतीच. तो नमुना होता. ज्या शहरात १९५४ साली खुद्द पोलीसप्रमुख हेंड्रिक कासयागर यांनी मोटारींच्या सोयीसाठी कालवे बुजवण्याचा प्रस्ताव मांडला होता, त्या शहरात ही मागणी किती उलट्या दिशेची होती, हे त्यावरून कळते.

आता मुख्य प्रश्न. सायकली गेल्या कुठे? पोलिसांनी नेल्या. सायकल कुलूप न लावता उभी करण्यास पालिकेच्या नियमांत मनाई होती, आणि पांढऱ्या सायकलींचे तर सारे मर्मच कुलूप नसण्यात होते. चोराने हात लावण्याआधीच त्या जप्त झाल्या. परत मिळाल्यावर प्रोव्होंनी प्रत्येकीला आकड्यांचे कुलूप बसवले आणि ते उघडण्याचा आकडा त्याच सायकलीवर रंगवून ठेवला, असे वर्णन मिळते. नियम अक्षरशः पाळला गेला, सायकल सर्वांची ती सर्वांचीच राहिली.

संख्येचेही तसेच. ५० हा आकडा पुस्तकापुस्तकांतून फिरत आला आहे. पण स्वतः स्खिमेलपेनिंक यांनी पुढे सांगितले की रस्त्यावर आलेल्या सायकली साधारण दहाच होत्या, मोठ्या कल्पनेची नुसती सूचना म्हणून. अनेक वर्षांनंतरची आठवण इतिहासकाराने जपूनच वापरावी. तरी इथे साक्षीदार आपल्या कामगिरीचा आकार वाढवत नाही, कमी करतो आहे. त्यामुळे मला त्याचेच म्हणणे अधिक विश्वासाचे वाटते. दहा सायकलींवरून, त्याही पोलिसांनी उचललेल्या, लाखो लोकांच्या प्रामाणिकपणाविषयी निकाल देणे हा त्या शहरातल्या लोकांवर अन्याय आहे.

पालिकेपुढे हा विषय रीतसर आला तो नंतर. १९६६ च्या जूनमधील निवडणुकीत प्रोव्होंना ४५ पैकी एक जागा मिळाली. ती त्यांनी आपसांत फिरती ठेवली, आणि स्खिमेलपेनिंक १९६७ मध्ये सभागृहात पोहोचले. त्यांनी मांडलेला पांढऱ्या सायकलींचा प्रस्ताव फेटाळला गेला. त्याआधी किंवा त्यानंतर ती मूळ योजना, म्हणजे पालिकेने घेतलेल्या, पालिकेने राखलेल्या हजारो सायकली, ॲमस्टरडॅममध्ये एकदाही राबवली गेली नाही. जे घडलेच नाही ते ‘फसले’ असे आपण साठ वर्षे म्हणत आलो.

स्खिमेलपेनिंक थांबले नाहीत. १९७४ मध्ये त्यांनी ‘विटकार’ नावाची छोटी विजेची गाडी सभासदांनी वाटून वापरण्यासाठी आणली. संगणकावर चालणारी तिची ठाणी १९८६ पर्यंत टिकली. कोपनहेगनने १९९५ मध्ये हजार सायकली रस्त्यावर आणल्या. वापर मोफत, फक्त २० क्रोनरचे नाणे अनामत. सायकल जागेवर लावली की नाणे परत. ती सेवा २०१२ पर्यंत चालली.

आणि नेदरलँड्समध्येच होगे फेलुवे या राष्ट्रीय उद्यानात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पांढऱ्या सायकली आहेत. आज त्या सतराशेच्या वर आहेत. उद्यानात येणारा कुणीही, सायकलीसाठी वेगळा एक पैसा न देता, उभी दिसेल ती घेतो आणि कुठल्याही फाटकापाशी ठेवून जातो. उद्यानाला कुंपण आहे, सायकलींना मालक आहे, आणि त्या मोडल्या की दुरुस्त करणारी उद्यानाची स्वतःची माणसे आहेत. १९६५ ची योजना पालिकेकडे कुंपण मागत नव्हती. मालकी आणि देखभाल मात्र मागत होती, आणि त्या दोन गोष्टी तिला मिळाल्या नाहीत.