मुळीपासून गोळीपर्यंत

पावसाळ्यात आम्हा पाटणकरांना दोन आकडे तोंडपाठ असतात: कोयना धरणात किती टीएमसी पाणी झालं आणि दरवाजे किती फूट उघडलेत. क्षमता १०५ टीएमसी, त्यामुळे किती साठवायचं आणि किती सोडायचं याचा हिशोब सतत चालू. शरीरात हा हिशोब किडनी सांभाळते. तिला निरोप देतात हार्मोन्स, आणि तो निरोप घेतात पेशींवरचे रिसेप्टर. हार्मोन ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप.

या कुलपांची नीट ओळख पटण्याआधीच मुंबईतल्या एका डॉक्टरांनी बीपीवरचं औषध जगापुढे ठेवलं. औषध होतं सर्पगंधेची मुळी. आपल्या पश्चिम घाटातही ही वनस्पती उगवते. झोप लागत नाही, डोकं शांत होत नाही, अशा तक्रारींवर वैद्य ती पूर्वापार देत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरचा उपयोग लिहून ठेवला. पण जगाचं लक्ष गेलं ते डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. केईएम रुग्णालयातल्या या हृदयरोगतज्ज्ञांनी ५० रुग्णांना मुळी देऊन रक्तदाब मोजला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. पुढे बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत ती वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन करतं काय? मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन ते रिकामं करतं. कुलूप तसंच राहतं, किल्ल्याच संपतात. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाची गती मंदावते. पण मेंदूतला साठाही संपतो. म्हणून सुस्ती, चोंदलेलं नाक, काहींना नैराश्य. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एक बग थांबवायला अख्खा सर्व्हर बंद!

नेमकं कुलूप सापडलं ते वेगळ्या वाटेने. १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचा रक्तदाब चढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. रेनिनपासून सुरू होणाऱ्या साखळीत शेवटी अँजिओटेन्सिन-२ तयार होतं, हे पुढे कळलं. ते रक्तवाहिन्यांवरच्या रिसेप्टरला चिकटून त्या आवळतं. शिवाय किडनीवरच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं, आणि अल्डोस्टेरॉन किडनीतल्या रिसेप्टरमार्फत मीठ आणि पाणी धरून ठेवतं. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लोसार्टन थेट अँजिओटेन्सिनच्या कुलपातच जाऊन बसतं. आज घरोघरी दिसणारी टेल्मिसार्टन त्याच घराण्यातली.

एवढा इतिहास सांगायचं कारण आमच्याकडे वारंवार ऐकू येणारं एक वाक्य: ‘बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद केली.’ ही गोळी रिसेप्टर दुरुस्त करत नाही, फक्त जागा अडवते. ती उतरली की अँजिओटेन्सिन परत येतं, आणि चढलेल्या बीपीने बहुतेकदा डोकंही दुखत नाही. किडनी मात्र आतल्या आत झिजत राहते. गोळीऐवजी मुळीची पूड घ्या असं सांगणारेही भेटतात. त्यांना वकिलांची गोष्ट सांगावी: त्यांनी मुळी दिली, पण प्रत्येक वेळी बीपी मोजून. तुमच्या आईवडिलांची गोळी चालू असेल, तर ती थांबवण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि किडनीची रक्ततपासणी शेवटची कधी झाली तेही बघा.