शिओल, हेडीस, गेहेन्ना : शब्द तीन, नरक एक

मंडळी, आज आपण एका दुःखी बापापासून सुरुवात करू. उत्पत्तीच्या पुस्तकात, योसेफ मेला असं समजून याकोब सांगतो की, आपण शोक करतच मुलाकडे शिओलात जाणार. आता शिओल म्हणजे नरक मानला, तर बापलेक दोघंही नरकात! तसं मुळात नाहीच. हिब्रूत 'मावेत' म्हणजे मृत्यू आणि 'शिओल' म्हणजे मेलेल्यांची खालची, अंधारी जागा, भल्याबुऱ्या सगळ्यांचीच.

इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या ज्यूंनी हे ग्रंथ ग्रीकमध्ये आणले. 'मावेत'ला बहुधा 'थानातोस' मिळाला आणि 'शिओल'ला 'हेडीस', म्हणजे होमरच्या मृतलोकाचं नाव. 'गेहेन्ना' मात्र निराळा. ती जेरुसलेमजवळची हिन्नोमची दरी. तिथल्या बालबळींवर यिर्मया संदेष्ट्याने कडाडून टीका केली; पुढे हेच नाव पाप्यांच्या शिक्षेचं ठिकाण झालं.

१६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलात या तिन्ही शब्दांसाठी 'हेल', म्हणजे नरक, आला. पण शिओलचा हिशेब पाहा : एकूण ६५ पैकी ३१ ठिकाणी नरक, ३१ ठिकाणी थडगं, ३ ठिकाणी खड्डा. याकोबाच्या तोंडी थडगं. नवव्या स्तोत्रातल्या दुर्जनांना नरक. शब्द एकच, निवाडा भाषांतरकारांचा!

म्हणून शोक करणाऱ्या कुणाला 'तुझा माणूस नरकात गेला' असं ग्रंथाच्या आधारे कुणी सांगू लागलं, तर आपण आधी एवढंच विचारावं : मूळ शब्द कोणता?