चाकवताचा दुसरा खुडा



कार्तिक पौर्णिमा झाली, भाजीपाला मोकळा झाला आणि मंडईत चाकवताच्या जुड्या दिसू लागल्या. त्यासोबत दरवर्षीचा प्रश्नही आला: "चाकवत आपल्याला चालतो का? तो अनंतकायात येतो ना?" प्रश्न एका ओळीचा, पण उत्तरासाठी आठ-नऊशे वर्षं मागे जावं लागतं.

चाकवत म्हणजे हिंदीतला बथुआ, संस्कृतातला वास्तुक. चरकसंहितेच्या शाकवर्गात तो आहे. गव्हा-हरभऱ्याच्या शेतात कुणी न पेरता उगवणारं हे तण गरिबांचं हिवाळी अन्न होतं.

बाराव्या शतकातल्या नेमिचंद्रसूरींच्या 'प्रवचनसारोद्धार' या ग्रंथात ३२ अनंतकायांची यादी आहे. त्यात गुळवेल, शतावरी, लसूण, कोवळी पालवी यांच्याबरोबर 'ढक्कवत्थुल' नावाची एक भाजी येते. परंपरेनं ती बथुआच मानली जाते. टीकाकारांनी तिथे एक बारीक खुलासा केला आहे: ही भाजी पहिल्यांदा उगवते तेव्हाच अनंतकाय, कापल्यावर पुन्हा फुटलेली तशी नाही.

मला या खुलाशाचं फार अप्रूप वाटतं. 'वर्ज्य' एवढा एकच शब्द लिहून सगळी भाजी बाद करता आली असती. तसं केलं नाही. एकाच रोपाच्या दोन अवस्था वेगळ्या पाहिल्या आणि वेगळ्या सांगितल्या. आपला नियम भीतीतून आलेला नाही, नीट पाहण्यातून आलेला आहे.

रानभाजीच्या बाबतीत हे पाहणं जीव वाचवतं. वंकचूलाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चोरांच्या या नायकानं मुनींकडून नियम घेतला होता, नाव माहीत नसलेलं फळ खायचं नाही. जंगलात भुकेल्या साथीदारांनी सुंदर फळं तोडली. त्यानं नाव विचारलं, कुणाला सांगता आलं नाही, म्हणून तो उपाशी राहिला. खाणारे मेले, फळ किंपाकाचं होतं. २२ अभक्ष्यांत 'अजाण फळ' आहे ते याचसाठी. आज मोबाइलवर फोटो पाहून बांधावरचा पाला खुडणाऱ्या लेकी-सुनांना ही कथा पुन्हा सांगायला हवी.

आता व्यवहाराचं. मंडईतली जुडी बहुधा मुळांसकट उपटलेल्या कोवळ्या रोपांची असते, म्हणजे पहिलीच उगवण. शेतातलं तण आणावं, तर गव्हावर तणनाशक फवारलेलं असू शकतं. म्हणून खात्रीचा मार्ग घरच्या कुंडीचा. कार्तिकात खात्रीचं बी पेरा. बी मोहरीपेक्षा बारीक असतं, वरून मातीची नुसती चिमूट पुरे. कोवळ्या पानांना, विशेषतः मागच्या बाजूला, पांढरी पिठी असते, ती ओळखीची खूण. देठ मोडल्यावर दुधासारखा चीक आला, तर ते रोप चाकवताचं नाही. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. तो आपल्यासाठी नाही. बगलेतून फुटवे येऊन वाढले की मग भाजी.

पानं उजेडात, उलटून पाहून निवडा. जयणा इथेच असते. यात ऑक्झलेट बरंच असतं, म्हणून उकळून पाणी टाकून द्या. मूतखडा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. कच्चं खाऊ नये. खताचा मारा केलेल्या मातीतलीही नको.

आणि शेवटी पातेल्याकडे. चाकवताला ताक आणि हरभऱ्याची डाळ हवीच, पण कच्चं ताक आणि डाळ म्हणजे द्विदल. ताक आधी नीट तापवून घ्या, मगच डाळीत घाला. लसणाशिवाय हिंग-जिऱ्याची फोडणी पुरते.

पंथापंथांत, गच्छागच्छांत फरक असतो. आपल्या साध्वीजींना विचारा आणि त्या सांगतील तसं करा. फाल्गुन चौमासीपर्यंत अजून बरेच दिवस आहेत. कुंडी आजच भरली तर दुसरा खुडा नक्की मिळेल.