अलेक्झांडरची कललेली मान : एका निदानाची तपासणी

अलेक्झांडरची मान किंचित डावीकडे कललेली असे व त्याच्या नेत्रांत एक आर्द्र भाव होता, असे प्लुटार्कने नमूद केले आहे. लिसिपस या शिल्पकाराने ही दोन्ही लक्षणे अचूक टिपली, असेही तो म्हणतो. 1996 मध्ये ‘लान्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात या वर्णनाचा नवा अर्थ लावण्यात आला : दोष मानेत नसून डोळ्यांत असावा. इतिहासाभ्यासकाने या मताची दखल घेणे अवश्य आहे. ते स्वीकारणे मात्र तितकेसे सोपे नाही.

नेत्रगोल फिरविणाऱ्या सहा स्नायूंपैकी ऊर्ध्व तिर्यक् स्नायू दुर्बळ झाला, की तो डोळा वर सरकतो आणि एका वस्तूच्या दोन प्रतिमा खालीवर व काहीशा तिरप्या दिसू लागतात. रोगी नकळत निरोगी डोळ्याच्या बाजूस डोके कलवून त्या जुळवून घेतो. या न्यायाने अलेक्झांडरचा उजवा डोळा सदोष ठरेल. या स्नायूचा मज्जातंतू बारीक व लांब वाटेने गेलेला असल्यामुळे डोक्यावरील आघाताने त्यास इजा होण्याचा संभव बराच असतो. असा आघात अलेक्झांडरला झालाही होता. इ. स. पू. 329 मध्ये सायरोपोलिस येथे त्याच्या डोक्यावर व मानेवर दगड बसल्याचे एरियन सांगतो. दगडाच्या माराने त्याची दृष्टी बरेच दिवस मंदावली होती, असे प्लुटार्क लिहितो.

येथवर दुवे जुळतात. परंतु लिसिपसने अलेक्झांडरच्या प्रतिमा त्याच्या बालपणापासून घडविल्या, असे प्लिनीचे म्हणणे आहे. मान तेव्हापासूनच कललेली असेल, तर दगडाचा संबंध उरत नाही. दोष जन्मजात मानावा लागतो. शिवाय अंधुक दिसणे निराळे आणि दोन दिसणे निराळे. दुहेरी दृष्टीविषयी प्लुटार्क काहीच सांगत नाही, आणि तोही चार शतकांनंतर लिहिणारा!

त्याचीच दुसरी एक नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. पिऱ्हसच्या चरित्रात तो म्हणतो, की इतर राजे जांभळी वस्त्रे, अंगरक्षक व कललेली मान यांनी अलेक्झांडरची नक्कल करीत. पिऱ्हस मात्र रणांगणावरील पराक्रमाने त्याची आठवण करून देई. म्हणजे मानेचा कल हे एव्हाना राजचिन्ह बनले होते, आणि शिल्पकाराने ते रोगाकडे न पाहताही कोरले असणे शक्य आहे.

रुग्णालयात अशा शंकेचे निरसन बील्शोव्स्कीच्या परीक्षेने होते : डोके सदोष बाजूस कलविल्यावर तो डोळा वर चढतो की काय, हे पाहतात. मूर्तीबाबत तो मार्ग बंद आहे. जन्मजात दोषात चेहऱ्याच्या दोन बाजू पुष्कळदा असमान वाढतात, तेवढे मोजून पाहता आले असते. पण लिसिपसच्या हातची एकही मूळ मूर्ती निश्चितपणे उपलब्ध नाही, आणि लूव्हरमधील प्रसिद्ध शीर्षशिल्पही रोमन काळातील प्रतिकृतीच आहे.