लाल चावीचं घड्याळ

चिंचपोकळीहून लोकल धरली की भायखळ्यानंतर सँडहर्स्ट रोड. तिथून चोरबाजाराचा मटण स्ट्रीट पायी गाठता येतो. तिथून आणलेलं काळ्या तबकडीचं एखादं जडशीळ घड्याळ घड्याळजींच्या टेबलावर येतं ते बहुधा एकाच वाक्यासह: "काका, महायुद्धातल्या विमानाचं आहे."

जाणता घड्याळजी ते आधी पालथं करतो. चावीचं घड्याळ, आणि मागे विजेचा प्लग! ही वीज काटे फिरवायला नाही, ऊब द्यायला आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पारा उणे पन्नासच्या आसपास उतरतो, तेल घट्ट होतं, बॅलन्सचं चाक रेंगाळतं. म्हणून आत २७ व्होल्टचा हीटर. मग सुलट केल्यावर डावीकडे लाल चावी, वरच्या छोट्या तबकडीत इवलीशी खिडकी. एवढं जुळलं की ओळख पटते: सोव्हिएत 'आचेएस-१'.

त्या खिडकीत मला सगळ्या यंत्राचं शहाणपण दिसतं. लाल चावी दाबली की खिडकी लाल होते, उड्डाणाचा वेळ मोजणं सुरू. पुन्हा दाबली की अर्धी लाल, अर्धी पांढरी: मोजणी थांबली. तिसऱ्यांदा दाबली की पांढरी, काटे शून्यावर. किती वेळ उडालो यावरून किती अंतर कापलं आणि इंधन किती उरलं याचा अंदाज बांधायचा असतो. वैमानिकाला एका नजरेत कळायला हवं. खालची तबकडी स्टॉपवॉचची, तिची कळ उजवीकडे.

या मांडणीचं कूळ मात्र रशियात नाही, पॅरिसमध्ये आहे. घड्याळकार एडमंड जेगर यांनी १९०७ मध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीशी करार केला. पुढे त्यांच्या कंपनीची मोटारींतली आणि विमानांतली घड्याळं नावाजली. तिच्या १९३०च्या दशकातल्या विमानी घड्याळाचा हा आराखडा सोव्हिएत कारखान्यांनी उचलला. चेल्याबिन्स्कचा 'मोल्निया' कारखाना १९४७ मध्ये सुरू झाला आणि ही घड्याळं घडवू लागला. तिथून ती मिग-२१च्या कॉकपिटात गेली, आणि मिग-२१ आपल्याकडे नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधली जात होती. भारतीय हवाई दलातलं शेवटचं मिग-२१ निवृत्त झालं २६ सप्टेंबर २०२५ रोजी.

कारखानाच महायुद्धानंतरचा, त्यामुळे महायुद्धाची गोष्ट बाद. पण प्रत्येक आचेएस मिगचंच, हेही खरं नाही; एमआय-८ हेलिकॉप्टरातही हेच घड्याळ असे. विमानाचा कागद दाखवल्याशिवाय मिगच्या नावाने जादा पैसे मोजू नयेत.

आणि एक कळकळीची विनंती. जुन्या नगांच्या काट्यांवर रेडियमचा रंग आहे. तो अंधारात चमकत नसला तरी निरुपद्रवी झालेला नसतो. चमकणारं रसायन झिजतं, पण रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काच काढून तो रंग घरी खरवडू नका.