लढायला परदेशी गेलेले दहशतवादी: जाणं रोखणारे नियम झाले, परतणाऱ्यांचं काय?

सीरिया आणि इराकमधल्या संघर्षात 110हून अधिक देशांतले 40 हजारांहून जास्त लोक दहशतवादी संघटनांकडून लढायला गेले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. अशांना 'फॉरेन टेररिस्ट फायटर' म्हणतात. 2014 मध्ये कल्याणचे चार तरुणही इराकला गेले होते. त्यातला एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला आणि एनआयएनं त्याला अटक केली.

संयुक्त राष्ट्रांनी काय केलं?

24 सप्टेंबर 2014 रोजी सुरक्षा परिषदेनं ठराव 2178 एकमतानं मंजूर केला. दहशतवादी कृत्यासाठी किंवा प्रशिक्षणासाठी परदेशात जाणं, त्यासाठी पैसा पुरवणं, माणसं पाठवणं हे गंभीर गुन्हे मानणारे कायदे करणं सर्व देशांना बंधनकारक झालं.

पण धोका परतीच्या वाटेवरही होता. 13 नोव्हेंबर 2015 च्या पॅरिस हल्ल्यात 130 जणांचा जीव गेला. हल्लेखोरांपैकी अनेक जण सीरियात राहून आले होते. त्यामुळे डिसेंबर 2017 मध्ये ठराव 2396 आला. विमान प्रवाशांची माहिती तपासणं, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याच्या नोंदी ठेवणं, संशयितांच्या याद्या तयार करणं ही कामं देशांवर सोपवली गेली.

मग अडचण कुठे आहे?

मार्च 2019 मध्ये 'इस्लामिक स्टेट'चा सीरियातला शेवटचा तळ बागूझ पडला. त्यानंतर अल-होल छावणीत 70 हजारांहून अधिक लोक जमले. त्यात बहुतेक स्त्रिया आणि मुलं होती. त्यांना परत कोणी घ्यायचं, यावर देशांची वाट वेगळी झाली. 15 व्या वर्षी घर सोडून सीरियात गेलेल्या शमीमा बेगमचं नागरिकत्व ब्रिटननं काढून घेतलं. कझाकस्ताननं मात्र 2019 मध्ये विशेष मोहीम राबवून आपले शेकडो नागरिक परत आणले. त्यात बहुतांश मुलंच होती.

परत आणल्यावर खटला चालवणंही सोपं नसतं. युद्धभूमीवर कोणी काय केलं, याचे न्यायालयात टिकतील असे पुरावे मिळवणं अवघड जातं.

मुलांचं काय?

ठराव 2396 खटल्यांसोबत पुनर्वसनावरही भर देतो आणि मुलांचा वेगळा विचार करायला सांगतो. छावणीत जन्मलेल्या मुलानं ना सीमा ओलांडली, ना शस्त्र उचललं. तरीही त्याला परत आणायचं की नाही, हा निर्णय शेवटी ज्या त्या देशाच्या सरकारवरच अवलंबून राहिला आहे.